आल्टोची ओळ

"विनीताताई, तुम्ही जरा थांबता का?" राघवेंद्रने विचारलं, तेव्हा विनीताला वाटलं, नव्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचं काहीतरी असेल.

रविवारची तालीम नुकतीच संपली होती. लातुरातल्या एका शिकवणी वर्गाच्या हॉलमध्ये वृंद जमायचा. फळ्यावर कुणाची तरी रसायनशास्त्राची समीकरणं अर्धवट पुसलेली असायची आणि त्यांच्यासमोर उभं राहून हे वीसेक लोक पाचशे वर्षांपूर्वीची युरोपातली गाणी म्हणायचे. बाकीची मंडळी चपला शोधत बाहेर पडली. नांदेडहून आलेले खाली रिक्षा ठरवायला गेले.

राघवेंद्र तिच्याकडे न बघता म्हणाला, "कार्यक्रमाला आपण सगळेच्या सगळे उभे राहू शकत नाही. निवड करावी लागली. आल्टोत तुमचं नाव नाहीये."

"का?"

"आवाज मिसळत नाही, ताई. तुमच्या आवाजात अजून शास्त्रीय गाणं आहे. स्वर सोडताना तो हलतो. वयाचाही थोडा भाग असतो, राग मानू नका. तुम्ही पहिल्या रांगेत बसा ना, मार्गदर्शक म्हणून."

तो तिथंच थांबला असता तर कदाचित तिनं ते गिळलंही असतं. पण त्यानं पिशवी खांद्याला अडकवली आणि दारातून वळून म्हणाला, "आणि हो, ते शेवटचं इटालियन गाणं. त्याच्या चारही आवाजांच्या ओळी गुरुवारपर्यंत रेकॉर्ड करून टाकाल का? पाठ करायला लोकांना वेळ मिळाला पाहिजे."

नांदेडच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं लावून बसली. शेजारच्या पोरीनं काहीतरी विचारलं, तर "डोकं दुखतंय" म्हणाली. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. गावच्या जत्रेत एखाद्यानं भर माणसांत थोबाडीत मारावी आणि वर म्हणावं, जाता जाता माझी घागर तेवढी भरून दे, असं झालं होतं ते.

राघवेंद्रला गाणं कळत नव्हतं असं नाही. उलट लातूर-नांदेडात ही गाणी कळणारा तो एकटाच. पुण्यात बरीच वर्षं तो एका चर्चच्या वृंदात गायला होता. वडिलांचं औषधांचं दुकान सांभाळायला लातूरला परतला तेव्हा ही चार आवाजांची गाणी सोबत घेऊन आला. बायकांचे सोप्रानो आणि आल्टो, एक उंच, एक खालचा; तसेच पुरुषांचे टेनर आणि बास. पेटी नाही, तबला नाही. चार ओळी आपापल्या वाटेनं निघतात, एकमेकींना ओलांडतात, मधेच कुठंतरी भेटतात आणि पुन्हा सुटतात. विनीता ज्या शाळेत मराठी शिकवते तिथं तो एकदा हे समजावून सांगायला आला होता. तीस वर्षं ख्याल गायलेली विनीता तेव्हा मागच्या बाकावर बसून ऐकत होती. पुढं ती वृंदात आली आणि तिला आल्टोची ओळ मिळाली. ती ओळ एकटी गायली तर त्यात काही राम नाही. दोन-तीन स्वरांतच घाण्याच्या बैलासारखी फिरते. पण बाकीच्या तिघी तिच्यावर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा विनीताच्या अंगावर काटा आला होता. आपण आजवर एकट्यानं गात होतो, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

अडचण एकच होती. पाश्चात्त्य स्वरलिपी कुणालाच वाचता येत नव्हती. राघवेंद्रनं सरावासाठी रेकॉर्डिंग पाठवली, ती संगणकानं वाजवलेली. टूं टूं टूं. शब्द नाहीत, श्वास नाही. बास गाणारे सिद्रामप्पा बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "सर, हे ऐकलं की मला एटीएमसमोर उभा राहिल्यासारखं वाटतंय. कार्ड काढून घ्या म्हणतंय की काय."

तेव्हा विनीतानं आपण होऊन ते काम अंगावर घेतलं. गेल्या वर्षीचा ऐन मे महिना. नांदेडचा मे. खोलीच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या, पंखा बंद, कूलर बंद. नवरा वसंतराव ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बाहेर ओट्यावर बसायचे, कारण आत खुर्ची सरकली तरी आवाज यायचा. ती टूं टूं ऐकून आधी स्वतःसाठी सरगम लिहायची, मग एकेक ओळ शब्दांसकट गायची. पुरुषांच्या ओळीसुद्धा, आपल्या पट्टीत. आधी सावकाश, मग खऱ्या लयीत. अवघड जागी गाता गाता सांगायची, "इथं बाकीचे थांबतील, आपण थांबायचं नाही."

आणि आवाज सरळ करायचा होता. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना पहिल्याचा हात सोडायचा नाही, हे गुरुजींनी तिच्या गळ्यात वर्षानुवर्षं घोटलं होतं. इथं तो हात झटकन सोडायचा आणि पुढच्या स्वरावर ताठ उभं राहायचं. तिनं तेही केलं. कमावलेली मींड गळ्यातून उपटून काढली. कशासाठी, तर वृंदासाठी.

त्यानंतर गाणी वणव्यासारखी पसरली. कुणी भाकरी थापता थापता ऐकलं, कुणी दुकानात, कुणी एसटीत. सगळे थेट वृंदाच्या ऑनलाइन फोल्डरमधूनच ऐकायचे. आणि आता म्हणे आवाज मिसळत नाही.

घरी आल्यावर तिनं वसंतरावांना सगळं सांगितलं. त्यांनी ताटं मांडली. मग म्हणाले, "गुरुवारचं रेकॉर्डिंग देणार आहेस का?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, तू आधी जेवून घे."

ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आली, पर्स टेबलावर टाकली, फोन काढला आणि वृंदाच्या फोल्डरमधली आपली सगळी रेकॉर्डिंग पुसायला बसली. मग स्वतःच्या फोनमधली, मग लॅपटॉपमधली. नक्की पुसायचं का, असं फोन दर वेळी विचारायचा. ती अंगठा असा दाबायची की जणू ढेकूण चिरडतेय. सगळं संपल्यावर हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. डोकं आणखीच तापलं.

तासाभरात राघवेंद्रचा फोन.

"ताई, फोल्डर रिकामं दिसतंय."

"हो."

"चुकून झालं का?"

"नाही."

"ताई, ते वृंदाचं आहे."

"गाणी वृंदाची. आवाज माझा आहे."

"कार्यक्रम तोंडावर आलाय. लोकांचं किती नुकसान होतंय बघा."

"माझा आवाज मिसळत नाही ना राघवेंद्र? मग लोकांच्या कानात तरी कशाला ठेवायचा?"

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. शिक्षिका आहात तुम्ही."

तिनं फोन ठेवून दिला. आपलं वाक्य तिला इतकं आवडलं की कणीक मळताना तिनं ते मनातल्या मनात कितीदा तरी म्हटलं. त्यानंतर बरेच फोन आले. तिनं एकही घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी साक्षी दारात येऊन उभी राहिली. कंधार तालुक्यातली पोरगी. वडील हणमंतराव शेती करतात, ही नांदेडला नर्सिंगच्या वसतिगृहात राहते. वृंदात विनीताच्या शेजारी आल्टोत उभी राहायची, बसमध्येही शेजारीच बसायची. लातूरला जायची परवानगी द्यायच्या आधी हणमंतरावांनी विचारलं होतं, "तू गाणं शिकून राहिली का परदेशात पळायची भाषा शिकून राहिली?" आज तिनं चप्पलसुद्धा काढली नाही.

"मॅडम, तुम्ही आमचं गाणं पुसलं."

"माझं पुसलं."

"माझ्या फोनात जागा न्हाई. मी उतरवून घेतलं नव्हतं. रोज तिथं जाऊनच ऐकत व्हते." तिनं फोनवरचं रिकामं फोल्डर विनीतासमोर धरलं. "मला ती लिपी येत न्हाई. तुमचा आवाज व्हता, त्याच्यावर मी उभी व्हते. सरांनी तुम्हाला काढलं, लई वाईट केलं. पण त्याचा राग सरांवर काढायचा. मी काय केलं?"

"काय केलंस?" विनीताचा आवाज चढला. "मला काढलं तेव्हा तुम्ही सगळे खाली रिक्षात बसला होता. सबंध रस्ता शेजारी बसून आलीस. विचारलंस एका शब्दानं?"

"विचारलं की. तुम्ही म्हणल्या, डोकं दुखतंय. आम्हाला काय सपान पडतंय का?"

विनीताला आणखीच राग आला. तिनं दाराची कडी धरून ठेवली.

साक्षी म्हणाली, "निम्मं इसरले मी दोन दिवसांत. ऐका." आणि तिथंच, उंबऱ्याबाहेर, चपला घालून, तिनं कार्यक्रमातल्या लॅटिन प्रार्थनेतली आल्टोची ओळ सुरू केली. समोरच्या घरातली बाई दोरीवर कपडे घालता घालता थांबली. विनीता दात आवळून ऐकत होती. एका लांब शब्दाच्या ऐन मध्यावर साक्षीनं श्वास घेतला आणि शब्दाचे दोन तुकडे झाले.

"तिथं का थांबलीस?"

"तुम्ही थांबता तिथं."

"मी?"

"हाव. रेकॉर्डिंगात थांबता. आम्ही समदेच थांबतो."

विनीताला ती दुपार आठवली. गोधड्यांआड घामानं भिजलेली, दम पुरला नव्हता. पुन्हा घेऊ म्हणून राहून गेलं होतं. त्या दमछाकीवर वृंदातल्या सगळ्या आल्टो वर्षभर शब्द तोडत होत्या. विशीतली पोरगी, विहिरीत पोहणारी, छाती भात्यासारखी, आणि तीही तिथंच तोडत होती.

"पुढं म्हण."

साक्षी पुढं गायली. ओळीच्या शेवटी, अगदी सोडता सोडता, तिचा स्वर खालून वर सरकला. केसाएवढा. मींड होती ती. जन्मात कधी ख्याल न ऐकलेल्या पोरीच्या गळ्यात विनीताची मींड. उपटून टाकली असं तिला वाटलं होतं, ती मुळापासून निघालीच नव्हती. रेकॉर्डिंगमधून सगळ्यांच्या गळ्यात जाऊन बसली होती.

म्हणजे राघवेंद्र खोटं बोलला नव्हता. आणि हे कळल्यावर राग ओसरायच्या ऐवजी दुपटीनं भडकला. वर्षभर ऐकत होता हा माणूस. दर रविवारी समोर उभा राहून हात हलवत होता. एक वाक्य म्हणायचं होतं, ताई, तिथं श्वास नको. तिनं त्याच दिवशी दुसरं रेकॉर्डिंग केलं असतं. ते न सांगता तो तिच्याकडून ओळीवर ओळी घेत राहिला, आणि दोष सगळ्यांत पसरल्यावर त्यानं तो तिच्यावर ठेवून तिलाच काढून टाकलं.

"चप्पल काढ," ती साक्षीला म्हणाली. "आत ये."

संध्याकाळपर्यंत नांदेडचे सगळे घरी जमले. वसंतरावांनी कुणी न सांगता सोफा भिंतीला सरकवला. विनीतानं प्रत्येकाचा फोन गोळा करून फ्रिजवर ठेवला आणि सगळ्यांना गोल बसवलं. तिचा राग कुठंतरी जायला हवा होता, तो शिकवण्यात गेला. एकालाही सोडलं नाही. विजेच्या सामानाचं दुकान असलेला रामलिंग टेनर गायचा. त्याला मधेच थांबवून ती म्हणाली, "रामलिंग, तुम्ही माझी नक्कल करताय. बाईच्या गळ्यासारखं गाताय. तुमचा स्वतःचा गळा कुठं आहे?"

रामलिंग खजील झाला. "म्याडम, वर्षभर तुम्हालाच ऐकून राहिलो ना."

"आता ऐकू नका. शेजारी सोप्रानो काय म्हणतेय ते ऐका. तुम्ही तिला धरून ठेवायचंय."

तो बिचकत गायला. मग जरा मोकळा गायला, आणि खोलीतला आवाजच बदलला. विनीतानं शाबासकी दिली नाही. "पुन्हा," एवढंच म्हणाली. मंडळी रोज येऊ लागली. कुणी लवकर उठायचं नाव काढलं नाही.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी राघवेंद्र नांदेडला आला. तालीम चालू होती. तो दारातच उभा राहिला, गाणं संपेपर्यंत. चेहरा उतरलेला होता.

"ताई, लातूरच्या लोकांकडे काहीच नाही. सिद्रामप्पांना मधला भाग आठवत नाही. ती रेकॉर्डिंग परत द्या."

"नाहीत माझ्याकडे. सगळीकडून पुसली."

त्यानं डोळे मिटून घेतले. "मग तुम्ही उभ्या राहा कार्यक्रमात. मी जागा करतो."

"वर्षभर तुम्हाला ऐकू येत होतं की नाही, आल्टो तो शब्द मधेच तोडतायत ते?"

"येत होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही एवढ्या ज्येष्ठ. तुम्हाला कसं सांगणार?"

"काढून टाकताना नाही आडवं आलं माझं वय?"

रामलिंग खाकरून म्हणाला, "सर, म्याडम नसतील तर आम्ही बी येणार न्हाई."

विनीता त्याच्यावर उसळली. "तुम्हाला कुणी विचारलं? एवढे दिवस घसा फोडला तो तुम्ही घरी बसावं म्हणून? उद्याच्या उद्या लातूरला जा आणि त्या लोकांना शेजारी बसवून शिकवा. फोन काढायचा नाही." मग राघवेंद्रकडे वळली. "मी उभी राहणार नाही. कुणी सरकून केलेल्या जागेत मी उभी राहत नाही. ही माणसं येतील. तुम्ही फक्त मंचावरून एक वाक्य बोलायचं. हे लोक कुणाच्या आवाजावरून शिकले, ते."

"बोलतो," राघवेंद्र म्हणाला.

लातूरचं नाट्यगृह अर्ध्याच्या वर भरलं. तिसऱ्या रांगेत विनीता आणि वसंतराव. मंचावर पांढऱ्या-काळ्या कपड्यांत वृंद उभा. साक्षीच्या मागच्या रांगेत सिद्रामप्पा सतत कॉलर सैल करत होते. राघवेंद्र माइकसमोर आला. त्यानं पाहुण्यांचे आभार मानले, वडिलांचे मानले, हॉल देणाऱ्या शिकवणीचालकांचे मानले, माइक लावणाऱ्याचेही नाव घेऊन मानले. मग कागद उलटला. "ही गाणी शिकणं सोपं नव्हतं. त्यासाठी सदस्यांना सरावाची काही रेकॉर्डिंग उपलब्ध करून देण्यात आली होती."

आणि तो वृंदाकडे वळला.

करून देण्यात आली. विनीता मराठीची शिक्षिका. कर्ता गिळून टाकणारं हे वाक्य मुलांच्या निबंधात दिसलं की ती लाल रेघ ओढायची. ती उठून उभी राहिली. वसंतरावांनी हात धरला नाही.

"ती मी केली होती," ती म्हणाली. ओरडली नाही. आवाज मागच्या भिंतीपर्यंत कसा न्यायचा हे तिला ठाऊक होतं. "माझं नाव विनीता. मी नांदेडची."

ती बसली. सभागृहात माणसं माना वळवून बघू लागली. कुणीतरी दबकं हसलं. राघवेंद्रचा हात हवेत थांबला होता. मानेवर लाली चढलेली तिसऱ्या रांगेतूनही दिसली. मग त्यानं हात खाली आणला आणि गाणं सुरू झालं.

विनीता गाणं ऐकायला आलीच नव्हती, असं तिला सुरुवातीला वाटलं. कान नुसते ठणकत होते. मग टेनर आला. रामलिंग आणि लातूरची दोन पोरं, मोकळ्या गळ्यानं, पुरुषासारखी. बास मधेच डळमळला, सिद्रामप्पा काही क्षण तोंड मिटून उभे राहिले आणि पुढच्या वळणावर पुन्हा सामील झाले. आल्टो त्या लांब शब्दापाशी आल्या. साक्षीचे खांदे वर गेले नाहीत. शब्द अखंड गेला, आणि त्याच्यावरून सोप्रानो, पूल ओलांडावा तशी, पार झाली. विनीताचे डोळे भरून आले. तिला त्याचाही राग आला.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर गर्दीत राघवेंद्र तिच्यासमोर आला.

"ताई, हे शोभलं नाही."

"नाहीच शोभलं. तुम्ही बोलला असता तर शोभलं असतं."

"ऐनवेळी घाबरलो. नाव राहून गेलं."

"माइकवाल्याचं नाही राहिलं."

कुणीतरी येऊन त्याच्याशी हात मिळवला, तो हसला, ते हसू लगेच विझलं. "पुढच्या रविवारी तालीम आहे," तो शेवटी म्हणाला. "याल ना?"

"पुढची तालीम नांदेडला. दोन वर्षं आम्ही पहाटे उठून लातूरला आलो. आता तुम्ही या."

पुढच्या रविवारी सिद्रामप्पा आले आणि त्यांच्यासोबत लातूरचे आणखी काहीजण. राघवेंद्र आला नाही. कुणी त्याचं नावही काढलं नाही. विनीतानं कार्यक्रमात गाळावं लागलेल्या त्या इटालियन गाण्याची ओळ प्रत्येकाला समोर बसवून शिकवली, टूं टूं ऐकत, अडखळत, चुकत. तिला स्वतःलाही ते धड येत नव्हतं. एका जागी चारही ओळी एकमेकींत अडकल्या आणि त्या काही केल्या सुटेनात.

त्यानंतरच्या रविवारी तो आला. बरंच ऊन चढलं होतं, हातात स्वरलिपीचं पुस्तक. विनीता तेव्हा टेनरना शिकवत होती. तिनं शिकवणं थांबवलं नाही, फक्त रामलिंगच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बोट केलं. राघवेंद्र क्षणभर उभाच राहिला. आजवर तो नेहमी सगळ्यांसमोर उभा असायचा. मग त्यानं बूट काढले आणि चटईवर येऊन मांडी घातली.

"ते अडकतंय तिथं," तो हळूच म्हणाला, "पुस्तकात बघून सांगू का?"

"सांगा. पण आधी ओळ म्हणून दाखवा. सगळ्यांबरोबर."

तो गायला. आवाज चांगला होता, फक्त घाई करत होता, शेजारच्यांच्या पुढे पळत होता.

"रामलिंगला सोडून पुढं जाताय," विनीता म्हणाली. "पुन्हा."

तो पुन्हा गायला. तिनं मान हलवली नाही, नुसतं बोट फिरवलं. पुन्हा.

स्वयंपाकघराच्या दारातून वसंतरावांनी डोकावून, पाहुणे आलेत, चहा टाकू का, असं हातानंच विचारलं. विनीतानं त्यांच्याकडे बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. अजून नाही.